प्रवाह कुठं जातो, हे शरीर ठरवतं

मूल जन्मापासून ऐकत नाही हे कळल्यावर आईबाप कॉक्लिअर इम्प्लांटची चौकशी करायला निघतात, तेव्हा सुरुवातीलाच त्यांच्यासमोर इलेक्ट्रोडचा आकडा येतो. एका कंपनीचे १२, दुसरीचे १६, तिसरीचे २२. माहितीपत्रकात तो ठळक छापलेला असतो. खर्च लाखांच्या घरात असल्यामुळे जास्त इलेक्ट्रोड म्हणजे जास्त चांगलं ऐकू येणार, असा हिशेब मनात आपोआप मांडला जातो. हा हिशेब अपुरा आहे. इलेक्ट्रोडमधून निघालेला विद्युतप्रवाह पुढं कोणत्या वाटेनं जाईल, किती पसरेल आणि कोणत्या नसेला जागं करील, हे आतलं हाड, द्रव, चरबी आणि मज्जातंतू मिळून ठरवतात. सोलापुरात ही गोष्ट समजून घेण्याला वेगळं महत्त्व आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात मामा-भाचीची, आते-मामेभावंडांची लग्नं पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत, आणि अशा जवळच्या नात्यात जन्मजात बहिरेपणाच्या काही जनुकीय प्रकारांची शक्यता वाढते. त्यामुळे हा प्रश्न इथल्या घरांना परका नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, प्रवाह शरीरात कसा पसरतो हे एकदा नीट कळलं, तर इम्प्लांटचं यश ऑपरेशनच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांवर का अवलंबून असतं हेही कळतं, आणि मग पैसा, वेळ व सरकारी योजना कुठं लागायला हव्यात याचं उत्तरही बदलतं.

सुरुवात धातू आणि शरीर जिथं भेटतात त्या जागेपासून करू. तारेतून वीज वाहते ती इलेक्ट्रॉनच्या रूपानं. शरीरात मात्र मोकळे इलेक्ट्रॉन धावत नाहीत. तिथं वीज वाहून नेतात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांसारखे पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण, म्हणजे आयन. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर या दोन व्यवस्थांमध्ये देवाणघेवाण होते आणि खरा धोकाही तिथंच असतो. एकाच दिशेनं प्रवाह सोडत राहिलं, तर तिथं रासायनिक क्रिया सुरू होतात, धातू झिजतो, आसपासच्या पेशी मरतात. म्हणून शरीरात बसवायच्या उपकरणांमध्ये प्रवाहाचा प्रत्येक स्पंद जोडीनं दिला जातो. काही मायक्रोसेकंद एका दिशेनं, लगेच तेवढाच विद्युतभार उलट दिशेनं, की बाकी शून्य. धातूही सहजासहजी विरघळणार नाही असा निवडतात, बहुधा प्लॅटिनम किंवा प्लॅटिनम-इरिडियम. ‘पोराच्या डोक्यात करंट सोडणार’ या कल्पनेनं आजी-आजोबांचा जीव धसकतो, आणि ही भीती समजण्यासारखी आहे. पण हा प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशांत मोजला जातो आणि प्रत्येक स्पंदाचा हिशेब जागच्या जागी चुकता केला जातो. घरातल्या विजेच्या धक्क्याशी त्याची तुलना करता येत नाही.

धातूची हद्द ओलांडली की प्रवाह यंत्राच्या ताब्यातून सुटतो. सगळीकडे एकसारख्या पदार्थात एका बिंदूतून प्रवाह सोडला, तर तो चहूबाजूंना गोलाकार पसरतो. अंतर दुप्पट झालं की दाब निम्म्यावर येतो आणि प्रवाहाची घनता चौथा हिस्सा उरते. पण शरीर एकसारखं नाही. मेंदूभोवतीच्या खारट द्रवातून प्रवाह जितक्या सहज जातो, त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यानं मेंदूच्या करड्या भागातून जातो. चरबी त्याला चाळीसेक पटींनी, तर टणक हाड शंभरेक पटींनी जास्त अडवतं. स्नायू आणि मेंदूतला पांढरा भाग यांना तर दिशाही असते. तंतूंच्या लांबीच्या बाजूनं प्रवाह सुकर जातो, आडवा जायला अडखळतो. शेतात दारं धरणाऱ्याला ठाऊक असतं की पाटाचं पाणी त्याच्या इच्छेनं नाही, तर उताराच्या आणि मातीच्या कलानं जातं. बांध कुठं घालायचा एवढंच त्याच्या हाती असतं. शरीरात इलेक्ट्रोड बसवणाऱ्याचीही तीच गत आहे. तो जागा निवडू शकतो, जोर कमी-जास्त करू शकतो, परतीची वाट कुठं ठेवायची हे ठरवू शकतो. मधल्या प्रदेशात प्रवाह कसा फाकायचा, हे तो प्रदेशच ठरवतो.

आता कानाकडे वळू. आतल्या कानातली कॉक्लिया ही अडीच ते पावणेतीन वेटोळ्यांची नळी आहे. उलगडली तर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्या बुडाशी उंच पट्टीचे आवाज ओळखले जातात, टोकाशी खालच्या पट्टीचे. निरोगी कानात ध्वनी टिपणाऱ्या आतल्या ओळीतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात आणि त्यांच्याकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू तीसेक हजार. बहुतेक जन्मजात बहिऱ्या मुलांमध्ये बिघाड केसपेशींच्या पातळीवर असतो. मज्जातंतू बऱ्याच अंशी शाबूत असतात. इम्प्लांट या तुटलेल्या दुव्याला वळसा घालून थेट मज्जातंतूंना चेतवतं. पण इलेक्ट्रोडची बारीक लवचिक तार ज्या पोकळीत सरकवतात ती खारट द्रवानं भरलेली असते, आणि मज्जातंतू असतात मधल्या हाडाच्या खांबात, भिंतीपलीकडे. म्हणजे इलेक्ट्रोड नसेला टेकलेला नसतोच. त्याच्यापासून निघालेल्या प्रवाहाला द्रवातून नळीच्या लांबीनं पसरणं फार सोपं आणि हाडाची भिंत ओलांडून मज्जातंतूंपर्यंत जाणं कठीण. दोन शेजारी इलेक्ट्रोडमधलं अंतर काही तारांमध्ये एका मिलिमीटरहूनही कमी, आणि प्रवाह पसरतो कित्येक मिलिमीटर. सातव्या क्रमांकाच्या इलेक्ट्रोडनं जे तंतू जागे केले, त्यांतले पुष्कळसे सहाव्या आणि आठव्यानंही जागे होतात. कागदावर २२ वेगळ्या वाटा दिसतात. मज्जातंतूंच्या दारात पोहोचेपर्यंत त्यांतल्या अनेक एकमेकींत मिसळलेल्या असतात.

या शास्त्राची वाटचाल पाहिली तर प्रत्येक मोठं पाऊल या पसरण्याशी जुळवून घेताना पडलेलं दिसतं. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवण मज्जातंतूला विजेनं चेतवलं. त्याला आवाजाची लय कळे, शब्द उमगत नसत. सगळे तंतू एकाच वेळी जागे झाले, तर पट्टीतला फरक कळणार कसा? १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडची तार बसवली आणि वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या पट्टीचा आभास निर्माण करता आला. तरी एक अडचण उरलीच. दोन इलेक्ट्रोड एकाच क्षणी चालू केले की दोघांचे प्रवाह द्रवात एकमेकांत मिसळून भलताच परिणाम होई. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेला तोडगा वरकरणी अगदी साधा होता. कोणतेही दोन इलेक्ट्रोड एकाच वेळी चेतवायचे नाहीत; एकामागून एक, पण इतक्या वेगानं की मेंदूला सलग वाटावं. इलेक्ट्रोड तेच, ऑपरेशन तेच, फक्त प्रवाह सोडण्याची पद्धत बदलली आणि शब्द ओळखण्याची क्षमता झपाट्यानं वाढली. क्लार्क, विल्सन आणि ऑस्ट्रियातल्या इंगेबोर्ग होखमायर यांना २०१३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हे तंत्र रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव अग्रभागी आहे. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आकड्याच्या मोहाला थेट उत्तर देणारा पुरावा २००१ मध्ये पुढं आला. इम्प्लांट वापरणाऱ्यांचे काही इलेक्ट्रोड बंद ठेवून, एकेक वाढवत, त्यांना किती शब्द समजतात हे अमेरिकी संशोधकांनी तपासलं. आठ-दहा इलेक्ट्रोडपर्यंत समज वाढत गेली. त्यापुढं ती जवळपास तिथंच थांबली. उलट, निरोगी कानाच्या माणसांना तोच आवाज तितक्याच पट्ट्यांत तोडून ऐकवला, तेव्हा त्यांची समज वीस पट्ट्यांपर्यंत वाढत राहिली. म्हणजे यंत्राकडून माहिती जात होती, मेंदूत ती घेण्याची कुवतही होती. मधल्या द्रवात आणि हाडात ती एकमेकांवर सांडत होती. त्याआधी १९९५ मध्ये दिसलं होतं की शांत खोलीत बोलणं समजायला तीन-चार पट्ट्याही पुरतात. गोंगाटात मात्र पट्ट्या जास्त लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी प्रवाहाचं पसरणं आड येतं. सोलापूरकरांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा असा आहे. शहराच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग आहेत, आणि मागाचा खडखडाट भिंतीपलीकडेही पोचतो. इम्प्लांट लावलेलं मूल दवाखान्याच्या शांत खोलीत शब्द बरोबर ओळखतं आणि घरी आल्यावर हाकेला ओ देत नाही, तेव्हा यंत्र बिघडलं किंवा पोर हट्टी आहे असं समजण्याआधी हा फरक आठवावा. अशा घरात मुलाजवळ बसून, त्याच्याकडे तोंड करून, माग बंद असतानाच्या वेळात रोज बोलणं हा उपचाराचाच भाग आहे.

यावर कुणी विचारील, प्रवाह पसरतो एवढीच अडचण असेल तर तो एकवटता येत नाही का? येतो, काही अंशी. नेहमीच्या पद्धतीत प्रवाहाची परतीची वाट कॉक्लियाच्या बाहेर, कानामागच्या स्नायूखाली ठेवलेली असते. त्यामुळे तो दूरवर फाकतो. परतीची वाट शेजारच्याच इलेक्ट्रोडला दिली तर क्षेत्र आक्रसतं. पण मग बराचसा प्रवाह द्रवातूनच एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे निघून जातो, मज्जातंतूपर्यंत थोडाच पोचतो. तेवढाच आवाज ऐकू यावा म्हणून जोर वाढवावा लागतो, बॅटरी लवकर संपते, आणि शब्द समजण्यात होणारा फायदा सगळ्यांच्या बाबतीत दिसत नाही. दुसरा आक्षेप याहून रास्त आहे: आठ-दहाच कामाचे असतील तर २२ बसवायचेच कशाला? कारण कोणते आठ-दहा कामाचे ठरतील हे आधी सांगता येत नाही. कुठं मज्जातंतू विरळ असतात, कुठं इलेक्ट्रोड भिंतीपासून लांब बसतो, एखादा नको त्या नसेला छेडतो. जास्त इलेक्ट्रोड म्हणजे निवडीला जास्त वाव. शिवाय आतल्या खांबाला बिलगून बसणाऱ्या तारा वापरणाऱ्यांमध्ये आठाच्या पुढंही सुधारणा होत राहते, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. हा निष्कर्ष माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. इलेक्ट्रोड नसेच्या जवळ गेला, मधला द्रव कमी झाला, म्हणून आकड्याला अर्थ आला. आणि पसरणं हा निव्वळ दोषही नाही. प्रवाह पसरतच नसता, तर नसेला न टेकलेल्या धातूनं ती चेतवणं शक्यच झालं नसतं.

यंत्र आणि शरीर यांची ही जुळवणी जिथं होते ती जागा म्हणजे मॅपिंगची खोली. ऑपरेशननंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी जखम भरल्यावर यंत्र प्रथम सुरू केलं जातं. सगळे त्याला ‘स्विच ऑन’ म्हणतात. ऑडिओलॉजिस्ट संगणकावरून एकेका इलेक्ट्रोडचा प्रवाह हळूहळू वाढवतो. मूल समोर बसलेलं असतं, हातात ठोकळा. आवाज जाणवला की तो डब्यात टाकायचा, असा खेळ त्याला शिकवलेला असतो. ठोकळा ज्या पातळीला पहिल्यांदा पडतो ती खालची मर्यादा; ज्या पातळीला मूल दचकतं किंवा कपाळाला आठी घालतं त्याच्या अलीकडे वरची मर्यादा. मधेच एखाद्या इलेक्ट्रोडला पापणी फडफडते किंवा गालाचा कोपरा ओढला जातो. चेहऱ्याची नस कॉक्लियाच्या अगदी जवळून जाते आणि मधल्या हाडातून निसटलेला प्रवाह तिला गाठतो. हाड सच्छिद्र करणाऱ्या ओटोस्क्लेरोसिससारख्या आजारात हे जास्त घडतं, कारण तिथं हाडाचा अडसर दुबळा झालेला असतो. मग त्या इलेक्ट्रोडचा जोर उतरवायचा, स्पंदाचा काळ बदलायचा, नाहीच जमलं तर तो बंद करायचा. हे काम एकदा करून संपत नाही. तारेभोवती ऊती धरत जाते, तिचा विद्युतरोध पहिल्या काही महिन्यांत बदलत राहतो, आणि आज ठीक वाटलेला नकाशा दोन महिन्यांनी कमी पडतो. पापणी फडफडणं आईच्या नजरेला पडलं, पण ते सांगायचं असतं हे तिला माहीत नसलं, तर मूल यंत्र काढून फेकायला लागतं आणि घरच्यांना कारण कळत नाही.

हाच नियम शरीरात जिथं जिथं इलेक्ट्रोड आहे तिथं लागू आहे. पार्किन्सनसाठी मेंदूत खोलवर बसवायच्या तारेचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि तिच्यावरची प्रत्येक कडी दीड मिलिमीटर उंचीची. तिनं चेतवलेला भाग दोन-तीन मिलिमीटरपर्यंत जातो. लक्ष्य असतं एक छोटं केंद्र आणि त्याला खेटून हातापायांकडे व चेहऱ्याकडे जाणारे तंतू. प्रवाह थोडा जास्त पसरला की कंप थांबतो, पण बोलणं जड होतं किंवा हात आखडतो. हृदयाच्या डाव्या बाजूला बसवलेल्या पेसमेकरच्या तारेतून प्रवाह शेजारच्या नसेपर्यंत पोचला की छातीखालचा पडदा उडू लागतो आणि उचकी लागल्यासारखं होतं. दोन्हीकडे उपाय तोच: जोर, जागा आणि परतीची वाट यांची फेरजुळणी. बाहेरचा प्रवाह उलट वाटेनं आत येऊ शकतो, हेही विसरून चालणार नाही. फिजिओथेरपीत पाठ, गुडघे शेकायला वापरतात त्या शॉर्टवेव्ह डायथर्मी यंत्राच्या लहरींमुळे इम्प्लांटच्या तारेत ऊर्जा शिरते आणि टोकाच्या इलेक्ट्रोडभोवतीची ऊती भाजू शकते. अशा प्रकारे मेंदूत तार असलेल्या दोन रुग्णांचा मृत्यू झाल्याचं नोंदवून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं डिसेंबर २००२ मध्ये इशारा दिला होता. म्हणून शरीरात असं उपकरण असलेल्यानं त्याचं ओळखपत्र जवळ ठेवावं, आणि शेक असो, दाताचं काम असो, एमआरआय असो की छोटं ऑपरेशन, आधी सांगावं.

आता शेवटच्या आणि सर्वांत महत्त्वाच्या दुव्याकडे, मेंदूकडे. पसरलेल्या, एकमेकांत मिसळलेल्या प्रवाहातून येणारी माहिती नैसर्गिक कानापेक्षा कितीतरी भरड असते. तरीही हजारो मुलं त्यातून भाषा शिकतात, शाळेत जातात, फोनवर बोलतात. हे मेंदूच्या शिकण्याच्या ताकदीमुळे होतं, आणि त्या ताकदीला वयाची मुदत आहे. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद ऐकणाऱ्या मुलांसारखा होत जातो; सात वर्षांनंतर ही शक्यता फार घटते, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. यंत्र नुसतं चालू ठेवलं की मेंदू आपोआप शिकतो, असंही नाही. त्याला रोज बोललेलं, परत परत ऐकवलेलं, अर्थाशी जोडलेलं हवं असतं. सोलापुरात घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि शाळेत मराठी, अशी स्थिती अनेक मुलांची आहे. अशा मुलाशी सुरुवातीला घरच्यांनी जी भाषा सहज आणि भरपूर बोलता येते, त्याच भाषेत बोलावं. स्पीच थेरपिस्टनं त्याच भाषेत पालकांना तयार करावं.

मग धोरणाला काय म्हणायचं? मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. २०१४ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या एडिप योजनेत एका कॉक्लिअर इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली, आणि मुंबईत वांद्र्याची १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाचं मुख्य केंद्र आहे. हे सगळं मोलाचं आहे. टीकाकार म्हणतात, एवढ्या पैशात श्रवणयंत्रं किती मुलांना देता येतील, आणि खुणांची भाषा शिकवली तर काय बिघडतं? ज्याला श्रवणयंत्रानं ऐकू येतं त्याला इम्प्लांट नकोच, आणि खुणांची भाषा ही सन्मानानं जगण्याची पूर्ण भाषा आहे. ती शिकण्याचा हक्क प्रत्येक बहिऱ्या मुलाला हवा. पण ज्या घरानं इम्प्लांटची वाट निवडली आणि सरकारनं त्यासाठी लाखो रुपये मोजले, तिथं नंतरची जुळवणी अर्ध्यावर सुटणं हा सर्वांत मोठा अपव्यय आहे. ऑपरेशन पुण्या-मुंबईला झालं तर हरकत नाही. ते एकदाच होतं. मॅपिंग आणि थेरपी मात्र वारंवार लागते. अक्कलकोट किंवा सांगोल्याच्या मजुराला दर वेळी रोज बुडवून पुण्याचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता धरावा लागला, तर तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तो थांबणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून योजनेचं मोजमाप बदलायला हवं. किती ऑपरेशनं झाली याऐवजी दोन वर्षांनंतर किती मुलं यंत्र दिवसभर वापरतात, किती इलेक्ट्रोड नीट जुळलेले आहेत, किती मुलं वाक्यं बोलतात, हे जिल्हावार नोंदवलं जावं. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. असं महाविद्यालय असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात मॅपिंग करणारा ऑडिओलॉजिस्ट आणि स्थानिक भाषा बोलणारा थेरपिस्ट यांची पदं भरलेली असणं ही चैन नाही, इम्प्लांटच्या खर्चाचाच तो उरलेला भाग आहे. आणि चौकशीला जाणाऱ्या आईबापांनी इलेक्ट्रोड किती, या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न विचारावेत: स्विच ऑननंतर मॅपिंग कुठं आणि कितीदा होईल, थेरपी आमच्या भाषेत मिळेल का, आणि यंत्राचा बाहेरचा भाग बिघडला तर दुरुस्तीला किती दिवस लागतील. या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील, तर कमी इलेक्ट्रोडचं यंत्रही मुलाला बोलतं करू शकेल. ती नसतील, तर २२ चा आकडा पत्रकावरच राहील.